रात्री घरात कोणी शिरलं तर: कोयत्याआधी ठरवायच्या गोष्टी

वाचकाचं पत्र (नाव-गाव गाळून, थोडक्यात):

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका गावात आमचं जुनं कौलारू घर आहे. पुढे अंगण, मागे कुळागर, म्हणजे माड-पोफळींची बाग. घरात मी, यजमान, ऐंशीच्या घरातल्या सासूबाई, कॉलेजात जाणारा मुलगा आणि तिसरीतली मुलगी. सासूबाईंना कमी ऐकू येतं. यजमान वेर्ण्याला कंपनीत आहेत. दुसरी शिफ्ट असली की ते मध्यरात्र उलटल्यावर घरी पोचतात. गेल्या महिन्यात आमच्या वाड्यावरच्या (वस्तीतल्या) काकींच्या घरात रात्री चोर शिरले. काकी एकट्याच होत्या. त्यांना ढकललं, दागिने नेले. तेव्हापासून मला झोप नाही. यजमानांनी पलंगाखाली कोयता ठेवलाय. दीर म्हणतात बंदुकीचा परवाना काढा. त्यांच्याकडे शेतीच्या राखणीसाठी बंदूक आहे. मला वाटतं कॅमेरे बसवावेत, कुत्रा पाळावा. सासूबाई म्हणतात, या घराला राखणदार (घर राखणारा देव) आहे, काही होत नाही. आणि पहाटे चारला उठून मागचं दार उघडून न्हाणीची चूल पेटवतातच. गावात बाहेरचे भाडेकरूही फार झालेत. मुलांना या गोष्टी सांगाव्यात का? नेमकी तयारी तरी काय करायची?

---

ताई,

तुमची भीती खोटी नाही. २०२५ साली दोनापावल, म्हापसा आणि बायणा इथे घरातली माणसं आत असताना टोळ्या शिरल्या, त्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्या. बायण्यात तर इमारतीतल्या फ्लॅटमध्ये. त्यामुळे हा प्रश्न कुळागराच्या कडेला राहणाऱ्यांपुरता उरलेला नाही, आणि हे उत्तर मी शहरातल्या वाचकांसाठीही लिहिते आहे.

तुमचं पत्र पुन्हा वाचताना एक गोष्ट खटकली. कोयता, बंदूक, कॅमेरा, कुत्रा हे सगळं येणाऱ्याबद्दल आहे. घरातली पाच माणसं त्या घटकेला कुठे असतील, कोण कुणाला उठवेल, कुठे जमतील, यावर एक ओळसुद्धा नाही. तयारी तिथून सुरू करायला हवी.

आधी कोयत्याचं बोलते. तुम्हीच लिहिलंय की यजमान दुसऱ्या शिफ्टला असले की मध्यरात्रीनंतर येतात. म्हणजे त्या रात्री कोयता घरात आणि यजमान बाहेर. काळोखात दाराची कडी वाजली, पावलं आली, आणि घाबरलेल्या मुलाने तो कोयता उचलला, तर समोर कोण असेल? त्या वेळेला तुमच्या दारात येणारा माणूस बहुतेक रात्री तुमचा नवराच असतो. मुलगा एखाद्या जत्रेहून उशिरा परतला आणि यजमान घरी असले, तर हीच गोष्ट उलटी. शिवाय हत्यार हाती घेणाऱ्याला ते चालवायची तयारी लागते, आणि ती समोरच्याची तुमच्यापेक्षा जास्त असू शकते. त्याने ते हिसकावून घेतलं की तुम्हीच त्याला हत्यार दिल्यासारखं होतं. दिरांच्या बंदुकीला तर हे सगळं दुपटीने लागू आहे. तिसरीतली मुलगी ज्या घरात सगळीकडे हिंडते, तिथे रात्री हाताशी लागावी म्हणून भरलेली बंदूक ठेवणं मला मान्य नाही. आणि कुलपात ठेवली तर ती वेळेला हाती येणार नाही.

कायद्याचं काय, असं यजमान विचारतील, म्हणून तेही सांगते. भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क दिलेला आहे, आणि सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी झालेल्या घरफोडीत तो बराच लांबपर्यंत जातो. पण ३७ वं कलम बजावून सांगतं की बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा करायची मुभा नाही. कुळागरातून पळत सुटलेल्या माणसाच्या पाठीवर वार केला, किंवा वाड्याने मिळून चोराला माडाला बांधून बडवलं, तर त्याला बचाव म्हणवणं कठीण जातं. मग पोलीस ठाण्याच्या आणि कोर्टाच्या फेऱ्या तुमच्या घराच्या वाट्याला येतात. कोयता नारळाच्या कामाला ठेवा, पलंगाखालून काढा.

यजमानांना हे सांगताना त्यांच्या हिमतीवर बोट ठेवू नका. आपण घरी नसताना काही झालं तर, हा घोर त्या माणसाला कंपनीत आठ तास लागून राहत असणार, आणि पलंगाखालचा कोयता त्यातूनच आला. त्यांना करण्यासारखं दुसरं काम द्या. ते पुढे येतंच.

आता घर. एका खोलीला ‘जमायची खोली’ ठरवा. माझ्या मते ती सासूबाईंचीच असावी. कारण साधं आहे: बाकी चौघं त्यांच्याकडे धावू शकतात, त्या कुणाकडे धावू शकत नाहीत, आणि हाक मारली तर त्यांना ऐकूही जाणार नाही. त्या खोलीच्या दाराला आतून वर-खाली दोन भक्कम कड्या हव्यात. जुन्या घरांत दार सागवानी असतं, पण कडीचे स्क्रू आखूड आणि चौकट वाळवीने पोखरलेली. सुतार बोलावून चौकट ठोकून बघा, लांब स्क्रू लावून घ्या. आत एक टॉर्च, एक चार्ज केलेला फोन, सासूबाईंची औषधं आणि पाण्याची बाटली. बस्स, इतकंच.

त्या खोलीत पोचल्यावर करायचं काय? कड्या लावायच्या, ११२ फिरवायचा आणि आवाज करायचा. घरात शिरलेल्या माणसाला साधारणपणे तुमच्याशी भांडायचं नसतं, त्याला वस्तू घेऊन निघायचं असतं. घर जागं झालंय हे कळलं की बहुतेक वेळा तो वाट धरतो. त्याची बाहेर पडायची वाट मोकळी असू द्या. पुढच्या दारापाशी उभं राहून त्याला अडवायचं नाही. स्टीलचं ताट आणि डाव, किंवा गाडी अंगणात असेल तर तिच्या रिमोटचं हॉर्नचं बटण, दोन्ही चालतं. गाडीची चावी रात्री त्या खोलीतच ठेवायची सवय लावा.

११२ वर बोलायचं काय, तेही आधी लिहून ठेवायला हवं. आपल्या गावांत पत्ता म्हणजे पंचायतीचा घर क्रमांक, आणि ते क्रमांक रस्त्याने ओळीत लागत नाहीत. रात्री येणाऱ्या पोलिसाला ‘अमुक देवळापासून डावीकडचा कच्चा रस्ता, पिंपळाच्या पारानंतर तिसरं घर, निळं फाटक’ असंच सांगावं लागतं. ते शब्द मोठ्या अक्षरात कागदावर लिहून त्या खोलीच्या दारामागे चिकटवा. तालुका, पंचायत, वाडा, मग खूण, या क्रमाने. आपल्याकडे एकाच नावाचे वाडे दोन-तीन गावांत असतात, म्हणून पंचायतीचं नाव चुकवू नका. भीतीने माणसाला स्वतःच्या घराचा रस्ता सांगता येत नाही, पण समोरचा कागद वाचता येतो. तुमची मुलगी वाचायला शिकलेली आहे, तीही तो वाचू शकेल. शेवटी ‘घरात पाच जण, एक म्हातारी बाई, कमी ऐकू येतं’ हेही लिहा. फोनवर आपत्कालीन बटणाची सोय असते: स्मार्टफोनवर साधारणपणे पॉवरचं बटण लागोपाठ ३ वेळा दाबून, साध्या बटणांच्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरून. फोनप्रमाणे थोडा फरक पडतो, तेव्हा प्रत्येकाने आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहून घ्यावं. कुणाला लागलं-खुपलं असेल तर रुग्णवाहिकेसाठी १०८ आहेच.

आणि गज. चोराच्या भीतीने आपण खिडक्यांना गज ठोकतो, ग्रिलला कुलूप घालतो आणि चावी देवघराच्या कुठल्याशा खणात टाकतो. शॉर्ट सर्किट होऊन आग लागली की तेच घर आपल्याला कोंडून घेतं. आग हीसुद्धा रात्रीच येणारी गोष्ट आहे. म्हणून प्रत्येक कुलपाची चावी खिळ्याला, एकाच ठरलेल्या जागी, खिडकीतून घातलेला हात पोचणार नाही इतकी लांब. घरातल्या प्रत्येकाला, मुलीलासुद्धा, ती काळोखात सापडली पाहिजे.

यजमानांचं काम आता. रविवारी त्यांनी दिवसाउजेडी घराला बाहेरून फेरी मारावी आणि मी असतो तर कुठून शिरलो असतो, असं पाहावं. कुळागर असलेल्या घरांत काय दिसतं ते मी पाहिलेलं आहे. सुपारी पाडायची शिडी मागच्या भिंतीला टेकवलेली. लाकडांच्या खोपीत पिकास, कुदळ, पहार. नळाजवळ खुंटीला कोयता. चोराला हत्यारं घेऊन यायची गरजच नाही. शिडीने तो छपरावर जातो, चार कौलं सरकवतो आणि माळ्यावर उतरतो. शिडीला साखळी-कुलूप घालून आडवी ठेवा, अवजारं रात्री आत घ्या. माळ्याच्या जागी कौलांखाली लोखंडी जाळी मारून घेता आली तर उत्तम, निदान माळ्यावरून खाली यायच्या झडपेला कडी लावा. भिंतीला टेकलेली फांदी छाटा.

मग उजेड. घराच्या चारी अंगांना दिवे हवेत आणि त्यांचं बटण तुमच्या उशाशी हवं. खुट्ट झालं की आधी बाहेरचे दिवे लावायचे, आतले नव्हेत. बाहेर उजेड आणि आत काळोख असला की तुम्हाला तो दिसतो, त्याला तुम्ही दिसत नाही. मागच्या बाजूला हालचालीने लागणारा दिवा बसवा. कॅमेऱ्याच्या मानाने तो स्वस्त पडतो. कॅमेऱ्याला माझी ना नाही, पण त्याचा उपयोग मुख्यतः नंतर होतो. पावसाळ्यात वीज गेली, नेट गेलं की तोही आंधळा. कुत्रा भुंकला की शेजार जागा होतो, तेवढं त्याच्याकडून घ्यावं. पण ज्या घरात त्याचं करायला कुणाला वेळ नाही, तिथे केवळ राखणीसाठी मुकं जनावर आणून साखळीला बांधू नये.

पावसाचा विषय निघालाच आहे. आषाढात कौलांवर पाऊस कोसळत असतो तेव्हा शेजारच्या खोलीतलंही ऐकू येत नाही. त्या दिवसांत ‘मला झोप हलकी आहे, मी लगेच उठते’ यावर विसंबू नका. झोपायच्या आधी कड्या तपासायचं काम एकाच माणसाचं असावं आणि त्याने ते मोठ्याने सांगावं: पुढचं दार, मागचं दार, स्वयंपाकघराची खिडकी. हे मुलावर सोपवा. ‘कुणीतरी लावली असेल’ यात मागचं दार रात्रभर उघडं राहतं.

मागच्या दारावरून सासूबाई. तुमच्या घरातली सगळ्यात मोठी फट म्हणजे पहाटे चारला उघडणारं ते दार, असं मला वाटतं. काळोख, ऐकू कमी, एकटी बाई आणि रोजची ठरलेली वेळ. कुणी दोन दिवस पाळत ठेवली तरी त्याला कळेल. पण तुम्ही जाऊन त्यांना ‘उद्यापासून चूल बंद, गिझर लावू’ म्हणालात, तर त्या ऐकणार नाहीत, आणि त्यांनी का ऐकावं? पन्नास-साठ वर्षं त्या घराचा दिवस त्यांनीच सुरू केला आहे. त्यांच्या राखणदाराशीही वाद घालू नका. राखणदाराला नारळ ठेवणाऱ्या आपल्याच माणसांनी या घरांच्या दारांना आतून एवढाले अडसर बसवले होते. श्रद्धा आणि अडसर दोन्ही एकाच घरात नांदत आलेत. सासूबाईंनाच विचारा, पूर्वी रात्री दारं कशी बंद करत होता, अडसर कुठे गेला? माळ्यावर सापडेल कदाचित. मग एवढंच मागा: आधी मागचा दिवा लावायचा, खिडकीतून बघायचं, आणि तुम्हाला हात लावून उठवल्याशिवाय दार उघडायचं नाही. तुमची झोप थोडी मोडेल, पण पहाटे सासूबाई कुठे आहेत ते तुम्हाला ठाऊक असेल.

मुलांना सांगावं का, असं तुम्ही विचारता. वाड्यात काय झालं ते त्यांना तुमच्याआधी कळलेलं असतं, ताई. न सांगितल्याने भीती जात नाही, फक्त मूल तिच्यासोबत एकटं पडतं. मुलीला एकच काम द्या: आई किंवा दादाने एक ठरलेला शब्द म्हटला की काही न विचारता, काही न घेता आजीच्या खोलीत जायचं. शब्द रोजच्या बोलण्यात न येणारा निवडा. चोर, सुरी, रक्त यांची वर्णनं नकोत. आधी दिवसा करून बघा, मग एकदा रात्री दिवे मालवून. पहिल्यांदा ती हसेल, कुणीतरी खुर्चीला अडखळेल. त्या खुर्चीची जागा बदला. मुलाला स्पष्ट सांगा की त्याने बहिणीला खोलीत आणायचं आहे, चोर धरायचा नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराच्या अंगात जे असतं त्याची मला धास्ती वाटते. ‘मी बघतो कोण आहे ते’ म्हणत तो काळोखात बाहेर पडेल. आणि घरातल्या सगळ्यांसाठी एक नियम: रात्री उशिरा येणाऱ्याने फाटकापाशी पोचल्यावर आधी फोन करायचा, मग दाराला हात लावायचा. फोन न करता दार वाजलं तर तो आपला माणूस नाही, असं धरून चालायचं.

समजा खोलीत पोचायच्या आधीच कुणी समोर आलं. मग हात दिसतील असे ठेवायचे आणि मागेल ते द्यायचं. मंगळसूत्र मागितलं तर मंगळसूत्रसुद्धा. हे लिहिताना मला जड जातंय, कारण सोनं म्हणजे आपल्याला नुसता पैसा नसतो. पण ते काढून देणारी बाई भित्री नव्हे, हे तुमच्या घरात आजच मोठ्याने बोललं गेलं पाहिजे, म्हणजे त्या घटकेला कुणी विचार करत बसणार नाही. सोनं मुळात घरात कमी असावं. ‘लॉकरमधलंही जातं’ म्हणणाऱ्यांना सांगा की बँकेच्या हयगयीने किंवा कर्मचाऱ्याच्या अफरातफरीने लॉकरमधलं गेलं तर वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत भरपाईची जबाबदारी रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी बँकेवर टाकली आहे. दागिन्यांचे फोटो आणि पावत्या एकत्र ठेवा, तक्रारीच्या वेळी लागतात. आणि चवथीसाठी (गणेशचतुर्थीसाठी) बाहेर काढलेलं सोनं चवथ झाल्यावर महिनाभर कपाटात पडून राहतं, तसं करू नका.

चोर गेल्यावर घर आवरू नका. विस्कटलेलं कपाट तसंच राहू द्या, फरशी पुसू नका, कडीला हात लावू नका. ठसे त्यावरच मिळतात. आठवतंय ते लगेच कागदावर उतरवा: उंची, चालण्याची ढब, भाषा, एकमेकांना मारलेली हाक. एफआयआरची प्रत तुम्हाला मोफत मिळते, ती मागून घ्या.

भाडेकरूंबद्दल थोडं. घरमालकाने भाडेकरूची माहिती पोलिसांकडे देणं गोव्यात कायद्याने बंधनकारक आहे. वाड्यावर ज्यांनी खोल्या दिल्यात त्यांनी ती दिली का, हे पंचायतीत विचारा, त्यात गैर काही नाही. पण बाहेरचा तो चोर, असं धरून चाललात तर दोन तोटे होतात. घराची खडान्‌खडा माहिती असलेला ओळखीचा माणूस तुमच्या नजरेतून निसटतो. आणि रात्री तुम्ही ताट वाजवाल तेव्हा आधी कोण येईल? आपल्या वाड्यांवर निम्मी घरं बंद असतात. मालक पणजीत, मुंबईत, परदेशात. मागच्या खोलीत राहणारी माणसं मात्र जागेवर असतात. त्यांचा नंबर तुमच्याकडे आणि तुमचा त्यांच्याकडे असायला हवा.

दोन-तीन घरांनी मिळून ठरवून घ्या. रात्री वाड्याचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप कुणी वाचत नाही, त्यामुळे थेट फोनच. झोपताना बरेच जण फोन मुका करून ठेवतात, तर डू नॉट डिस्टर्बमध्येही शेजाऱ्यांचे नंबर वाजतील अशी सोय करून घ्या. मोबाइल म्हातारीच्या हातात देऊन ‘हे बटण’ म्हणून दाखवणारं पोर प्रत्येक वाड्यावर असतं, त्याला कामाला लावा. फोन आलेल्याने एकट्याने काठी घेऊन धावायचं नाही. आपल्या घराचे सगळे दिवे लावायचे, ओरडायचं, ११२ ला पुन्हा फोन करायचा आणि चार जण जमल्यावरच निघायचं. काकींना या ठरावात आवर्जून घ्या. त्यांच्याकडे लोक जाऊन ‘किती तोळे गेले’ एवढंच विचारत असतील. तुम्ही जाल तेव्हा त्या कुठे झोपतात, रात्री सोबत कोण असतं ते विचारा, आणि काही दिवस मुलाला त्यांच्या पडवीत झोपायला पाठवता येतं का पाहा.

आणि तुमची झोप. इतके दिवस जागून तुम्ही राखण करताय, घरातलं बाकी कुणी नाही. कड्या बसल्या, दिवे लागले, एकदा सगळ्यांनी काळोखात चालून पाहिलं की मन बरंचसं बसतं. यजमानांच्या दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात तुम्ही आणि मुलगी सासूबाईंच्याच खोलीत झोपा. तिथे निदान एक धावणं वाचतं. तरीही दोन-तीन आठवड्यांत झोप परतली नाही, खुट्ट झालं की छाती धडधडायला लागली, तर १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतसेवेच्या, नंबरवर बोला. तो चोवीस तास चालू असतो, आणि रात्री तीनला करण्यासाठीच आहे असं समजा. काकींनाही तो नंबर द्या.